पदराच्या गाठीतलं दुसरं मत



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीस्तर संघाची बैठक होती. बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते वहीत चढले, सह्या-अंगठे झाले. चहा येईपर्यंत बायका बोलत बसल्या होत्या. चिक्कीच्या पॅकिंगला जाणाऱ्या एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, नगरपरिषदेच्या मतदानाला एका प्रभागात दोन-दोन नगरसेवकांसाठी बटणं दाबायला लावतात. मला एकच उमेदवार माहीत असतो. दुसरं बटण मी आपलं डोळे मिटून दाबते. एकच मत दिलं तर नाही का चालत?"

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि "नियमच आहे तसा मावशी" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी जाताना मला माझी आजी आठवली. तिनेही असंच एक मत वाया घालवलं होतं, आणि ते नुसतं वाया नाही घालवलं, चक्क पदराला बांधून घरी आणलं होतं.

आपल्या मावळातून मुंबईला गेलेली माणसं कमी नाहीत. डबेवाले तर मावळ-मुळशी-खेडचेच. कुणी गोदीत, कुणी गिरणीत. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते आणि लग्न झाल्यावर आजी काही वर्षं तिथल्या चाळीत राहिली. देशातलं पहिलं सार्वत्रिक मतदान तिने तिथे केलं. ती सांगायची, "बोटाला शाई लावली आणि हातात दोन चिठ्ठ्या दिल्या. आत पेट्यांची रांग. पेटीवर चित्रं. एक चिठ्ठी कुठे टाकायची ते घरनं ठरवून आले होते. दुसरीचं कुणी काही बोललंच नव्हतं. मग ती पदराच्या गाठीला बांधली आणि आले घरी." पहिली कुठल्या पेटीत टाकली, हे मात्र तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. मत गुप्त असतं म्हणायची.

लहानपणी आम्हाला ती गंमत वाटायची. बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा कळलं, की आजीने चिठ्ठी टाकली तो मतदारसंघ कोणता होता. त्याचं नाव 'मुंबई शहर उत्तर'. आणि जानेवारी १९५२ मध्ये तिथे कोण हरलं होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, त्या घटनेखाली झालेल्या पहिल्याच निवडणुकीत हरले.

आता तो मतदारसंघ नकाशावर नाही. आज त्याची गोष्ट सांगते, म्हणजे मावशींच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात येईल.

पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागा होत्या, पण मतदारसंघ होते ४०१. म्हणजे काही मतदारसंघांतून एकापेक्षा जास्त खासदार जायचे. ८६ मतदारसंघ दोन जागांचे होते आणि उत्तर बंगालमधला एक तर तीन जागांचा. दोन जागांच्या मतदारसंघात सहसा एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातीसाठी किंवा जमातीसाठी राखीव. मतदार मात्र सगळे तेच. प्रत्येकाला दोन मतं. मुंबई शहर उत्तर हा असाच एक, गिरण्यांचा आणि चाळींचा मतदारसंघ.

हे असं जोडकाम का केलं, हे समजायला आपल्या पुण्यातच यावं लागतं, येरवड्याला. १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ द्यायचं जाहीर केलं. त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडायचे आणि शिवाय सर्वसाधारण जागेसाठीही त्यांना मत. म्हणजे दोन मतांची कल्पना तिथेही होती. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं आणि २४ सप्टेंबर १९३२ला पुणे करार झाला. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले, बदल्यात राखीव जागा वाढवून मिळाल्या. पण त्या जागांवर कोण निवडून येणार हे आता सगळा समाज मिळून ठरवणार होता. अल्पसंख्येच्या माणसाला राखीव खुर्ची मिळाली, पण तिच्यावर कुणाला बसवायचं ते बहुसंख्य ठरवणार, असा तो पेच. हा पेच पुढे किती महत्त्वाचा ठरला ते बघा.

१९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे भायखळा-परळ भागातून उभे राहिले. म्हणजे तोच गिरणगाव. समोर काँग्रेसचे उमेदवार होते पाळवणकर बाळू. पुण्याच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता गोलंदाजी शिकलेले, देशभर गाजलेले क्रिकेटपटू. दलित समाजातलेच, आणि लोकांच्या फार प्रेमातले. दोघांत जेमतेम दोनेक हजार मतांचा फरक पडला आणि बाबासाहेब जिंकले.

तेव्हाचा नियम लक्षात घ्या. मुंबई प्रांतात एका मतदारसंघात जितक्या जागा तितकी मतं मिळायची, आणि वाटलं तर ती सगळी मतं एकाच उमेदवाराला देता यायची. याला एकत्रित मतदान म्हणत. संख्येने थोड्या असलेल्या समाजाला यात बळ होतं. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या पारड्यात सगळं वजन टाकता येत होतं.

१९५२ ला हे बदललं. नव्या कायद्यात एका मतदाराने एका उमेदवाराला एकच मत द्यायचं. दुसरं द्यायचं असेल तर दुसऱ्या उमेदवाराला. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकल्या तर एक मोजायची, दुसरी बाद. शहर तेच, चाळी त्याच, माणूसही तोच, फक्त मत मोजायचा नियम वेगळा.

आम्ही हे पुढच्या बैठकीत शेंगदाण्यांनी करून बघितलं. चिक्कीवाल्या बायका, शेंगदाण्यांना काय तोटा! वीस जणी बसल्या होत्या. चार वाट्या ठेवल्या. दोन वाट्या सर्वसाधारण जागेच्या, दोन राखीव जागेच्या. पाच जणींना सांगितलं, तुम्ही एका छोट्या वस्तीच्या, राखीव जागेसाठी तुमची उमेदवार 'हत्ती'. तुमची एका मोठ्या गटाशी युती आहे, त्यांची सर्वसाधारण उमेदवार 'झाड'. आणखी सात जणी झाडवाल्या. उरलेल्या आठ जणींच्या दोन्ही वाट्या 'बैलजोडी'च्या. प्रत्येकीला दोन शेंगदाणे, एका वाटीत एकच टाकायचा.

युती नीट पाळली तेव्हा झाडाला बारा, हत्तीला बारा आणि बैलजोडीच्या दोन्ही वाट्यांत आठ-आठ. दोघी युतीवाल्या आल्या. मग मी सात झाडवाल्यांपैकी पाच जणींना हळूच सांगितलं, झाडात एक टाका आणि दुसरा तोंडात टाका. आता झाडाला बाराच राहिले, पण हत्तीला सात आणि तिच्यासमोरच्या बैलजोडीला आठ. हत्ती एका शेंगदाण्याने पडली. तिच्या वस्तीच्या पाच जणींनी युतीतली आपली बाजू पूर्ण सांभाळली होती, तरी ती पडली, आणि झाड मात्र आरामात निवडून आलं.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे आपण खाल्लेल्या शेंगदाण्यानं ती हरली होय!"

या प्रकाराला आपल्या मराठी राजकारणात एक नेमका शब्द आहे, मतं कुजवणं. शब्दच असा, की घाण वास यावा.

आता खरी निवडणूक. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. कारणं अनेक होती, पण त्यांत ठळक होतं हिंदू कोड बिल. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, बाईला घटस्फोटाचा हक्क, नवऱ्याला एकाच वेळी दोन बायका करायला बंदी, दत्तक घेण्यात बाईचंही स्थान, हे त्या बिलात होतं. ते संसदेत रखडलं आणि ते बाहेर पडले. आपल्यासाठी खुर्ची सोडणारा माणूस चारच महिन्यांत मुंबईत मतं मागत होता. त्या वेळी किती बायकांना हे माहीत असेल? माझ्या आजीला तरी नव्हतं. पुढे १९५५ आणि ५६ मध्ये तेच बिल चार वेगवेगळे कायदे होऊन मंजूर झालं.

मुंबई शहर उत्तरमध्ये बाबासाहेब शेड्युल्ड कास्ट फेडरेशनतर्फे राखीव जागेवर, चिन्ह हत्ती. समाजवादी पक्षाशी युती, त्यांचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर, चिन्ह झाड. काँग्रेसची बैलजोडी. त्यांचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी सर्वसाधारण जागेवर आणि नारायण सदोबा काजरोळकर राखीव जागेवर. कम्युनिस्ट पक्षाचे कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगेही रिंगणात होते, गिरणगावात त्यांचा चांगलाच जोर.

निकाल लागला. गांधी आणि काजरोळकर निवडून आले. बाबासाहेबांना १,२३,५७६ मतं पडली, काजरोळकरांना त्यापेक्षा चौदा हजारांहून थोडी जास्त. डांग्यांना लाखाला थोडी कमी.

बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी या निकालाविरुद्ध निवडणूक अर्ज केला. चौऱ्याहत्तर हजारांवर चिठ्ठ्या बाद ठरल्या, आणि दोन्ही मतं एकालाच द्या असा प्रचार करून मतदारांना जाणूनबुजून मतं वाया घालवायला लावलं, अशी त्यांची तक्रार होती. रोख डांग्यांकडे होता. पण अर्जाने निकाल काही बदलला नाही.

कुजलेल्या मतांवरच सगळा दोष टाकणं मला पटत नाही. ती काँग्रेसची लाट होती, ४८९ पैकी ३६४ जागा त्यांना मिळाल्या. नेहरूंची सभा म्हटलं की माणसं लोटायची. फेडरेशनचं बळ एका समाजापुरतं होतं आणि युती वरवरची असली तर खालचा मतदार दुसरं मत हात राखूनच देतो. तरीसुद्धा, चौदा हजारांचा फरक आणि चौऱ्याहत्तर हजारांवर बाद चिठ्ठ्या, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला आजीच्या पदराची गाठ दिसते.

युती मनापासून झाली तर काय होतं, तेही त्याच निवडणुकीत दिसलं. सोलापूरचा मतदारसंघ असाच दोन जागांचा. तिथे शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे पां. ना. राजभोज, दोघेही निवडून आले. दोन्ही बाजूंनी दुसरं मत दिलं गेलं.

बाबासाहेब त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ ला भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक आली. पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ, पुन्हा अशोक मेहता सोबतीला. असं सांगतात, की कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवलं, आपल्या लोकांना फक्त तुम्हालाच मत द्यायला सांगू, दुसरं मत कुणालाच नको, म्हणजे तुमची जागा पक्की. त्यांनी नकार दिला. मत कुजवायला मी सांगणार नाही, हरलो तरी चालेल. आणि तसंच झालं. अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. ज्यांचं घर आपल्या तळेगावात होतं, ज्यांनी त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या बाबासाहेबांना लोकसभेत कधीच बसता आलं नाही.

इथे जरा आजीकडे परत येते. तिचं एक मत वाया गेलं हे खरं, पण तिला ते मिळालं तरी होतं. त्या निवडणुकीत देशातल्या जवळजवळ २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून काढली गेली. गुन्हा काय? यादी करणारा दारात आला तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीत नव्हती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, स्वतःचं नाव नसेल तर यादीत जागा नाही. यातल्या बहुतेक बायका उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या, पण त्यावर हसण्यासारखं आपल्याकडे काही नाही. माझं लग्न झालं तेव्हा पवन मावळातल्या माहेरच्या यादीतून माझं नाव गेलं आणि लोणावळ्यात चढलंच नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पहिल्या. प्रत्येक ठिकाणी विचारायचे, "मिस्टरांचं नाव काय?" एक अख्खी निवडणूक माझी त्यात गेली. आणि मी शिकलेली, रोज दहा कागद भरणारी बाई!

मुंबई शहर उत्तरचं पुढे काय झालं? १९५७ ला हद्दी नव्याने आखल्या. नाव तेच राहिलं, पण मतदारसंघ एका जागेचा झाला आणि तिथून व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले. दोन जागांचं ओझं गेलं 'मुंबई शहर मध्य'कडे. तिथे कोण जिंकलं ऐका. सर्वसाधारण जागेवर कॉम्रेड डांगे आणि राखीव जागेवर शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे जी. के. माने. संयुक्त महाराष्ट्राची हाक होती, समितीत सगळे एकत्र आले होते. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यावर मतं कुजवल्याचा आरोप होता त्यांच्याच जोडीने फेडरेशनचा माणूस लोकसभेत गेला. हे बघायला बाबासाहेब नव्हते. ६ डिसेंबर १९५६ लाच ते गेले होते.

दोन जागांच्या मतदारसंघांचा शेवट मात्र दुसऱ्याच एका निवडणुकीने जवळ आणला. त्याच १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपूरम मतदारसंघात, जिथे एक जागा आदिवासींसाठी राखीव होती, दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले. कारण सर्वसाधारण जागा म्हणजे सगळ्यांना खुली, तिच्यावर राखीव वर्गातल्या माणसानेही यावं. हरले ते व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झालेले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथेही हरले. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं, जास्त मतं ज्याला तो निवडून आला. मग मोठ्या मंडळींची चुळबुळ सुरू झाली. १९६१ मध्ये कायदा झाला आणि दोन जागांचे मतदारसंघ फोडून एकेक जागेचे केले. त्याला बाकीचीही कारणं दिली जात होती, मतदारसंघ फार मोठे होतात, खर्च फार होतो, लोक गोंधळतात. ती खोटी नव्हती. पण राखीव जागेवरचा माणूस हरत होता तोवर कुणाला घाई नव्हती, हेही खरं. १९६७ च्या फेरआखणीत 'मुंबई शहर उत्तर' हे नावही गेलं.

आता मावशींचा प्रश्न. आपल्या नगरपरिषदेच्या प्रभागात दोन जागा असतात, अ आणि ब. बाकीची आरक्षणंही असतात, पण २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या, म्हणून बहुतेक प्रभागांत त्यातली एक जागा बाईची असते. १९५२ पेक्षा एक फरक आहे. तेव्हा सगळे उमेदवार एकाच रांगेत होते, कुणाच्याही पेटीत चिठ्ठी टाका. आता अ जागेचे उमेदवार वेगळे, ब जागेचे वेगळे, प्रत्येक जागेसाठी एक बटण. दोन्ही मतं एकाला देताच येत नाहीत. कुणीच पसंत नसेल तर त्या जागेपुढेही 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण असतं. सगळ्या जागांची बटणं दाबून झाली की मगच यंत्राचा लांब आवाज येतो. अर्धं मत देऊन निघालात तर तिथले लोक थांबवतात, ते याचसाठी.

म्हणजे आता मत पदराला बांधून घरी आणता येत नाही. डोळे मिटून मात्र दाबता येतं. आणि आपल्या बैठकीत मी हात वर करायला सांगितले तेव्हा कळलं, की डोळे मिटून दाबलेलं बटण बहुतेकींचं बाईच्या जागेचंच होतं. पुरुषाच्या जागेसाठी घरात चर्चा होते, भांडणंसुद्धा होतात. बाईच्या जागेवर "त्याच पॅनलची दे" एवढंच. त्या बाईने पाच वर्षांत पाण्याच्या टाकीचं काय केलं, हे एकीलाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

२०२३ मध्ये लोकसभेत आणि विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली. तिच्यावर कित्येक वर्षं वाद चालला, त्यात एक सूचना अशीही आली होती, की काही मतदारसंघ पुन्हा दोन जागांचे करा, एक पुरुष, एक बाई. ऐकायला बरं वाटतं. मला विचाराल तर ती मागे पडली ते ठीक झालं. मुंबई शहर उत्तरमध्ये राखीव जागेचं जे झालं तेच बाईच्या जागेचं झालं असतं, खरी लढत पुरुषाच्या जागेची आणि बाई जोडीला. आमच्या बैठकीत यावर दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, जोडीला का होईना, तिथे पोचली तरी असती.

पुढची बैठक नेहमीप्रमाणे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. येताना पासबुकाबरोबर मतदार ओळखपत्रही आणा. मतदार यादी मी आणते आहे. लग्न होऊन नव्याने आलेल्या सुनांना बरोबर घ्या, त्यांची नावं आधी बघू. आणि अर्जात नाव लिहिताना पहिला शब्द आपला स्वतःचा. शेंगदाणे मावशी आणणार आहेत.